बाटलीवरचा चिकटा आणि कुंभाराचं गाढव



गेल्या वेळी आपण ‘कारण’ या एका शब्दावर दीड तास बोललो. म्हणजे मी बोललो, तुम्ही सहन केलंत. (हशा) व्याख्यान संपल्यावर जिन्यात एक बाई भेटल्या. म्हणाल्या, “सर, ते सगळं ठीक आहे, पण मधाच्या बाटलीवरचं लेबल काढल्यावर खाली जो चिकटा राहतो तो कशाने जातो ते सांगा. व्हिनेगर आणि सोडा घालून तीनदा घासलं, जात नाही.” मी हसलो, घरी गेलो, आणि रात्री लक्षात आलं की हा प्रश्न माझ्या दीड तासापेक्षा चांगला होता. कारण त्या बाईंनी तीनदा प्रयोग केला होता आणि तिन्ही वेळा कार्य घडलं नव्हतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात एवढी स्वच्छ सामग्री कोणी आणून देत नाही.

म्हणून आज टेबलावर पुस्तकं नाहीत. दोन बाटल्या आहेत, एक वाटी आहे आणि माझा एक जुना बनियन आहे. धुतलेला आहे, काळजी करू नका. (हशा)

एक काम आत्ताच करून ठेवतो, कारण त्याला वेळ लागतो. ही मधाची बाटली. कागद मी घरीच ओढून काढलाय, आणि आता हा राखाडी, धूळ बसलेला पट्टा राहिलाय. मागच्या रांगेतून दिसतोय का? हात लावला की बोट चिकटतं. वाटीत एक चमचा शेंगदाण्याचं तेल आणि एक चमचा खायचा सोडा घेतलाय. कालवलं की इडलीच्या पिठासारखं होतं. बाटलीला एक टाकाऊ झाकण घट्ट लावलंय, म्हणजे तेल आत जाणार नाही. हे असं पट्ट्यावर थापून देतो आणि बाजूला ठेवतो. व्याख्यान संपेपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही, मी सुद्धा.

आता मूळ प्रश्न. आपण विचारतो, “लेबल कशाने निघतं?” हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. आधी विचारायला हवं की ते कशाने चिकटलंय.

बाटलीवर कागद चिकटवायच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एक जुनी. पिठाची खळ, डिंक, किंवा दुधातल्या केसीन या प्रथिनापासून केलेला गोंद. हे सगळे पाण्याचे सोयरे. ओले असताना लावायचे, वाळले की धरतात. पुन्हा पाणी मिळालं की सैल पडतात. लहानपणी आपण पाकिटावरची तिकिटं पाण्यात टाकून काढायचो, ते हेच. बिअरच्या बाटल्यांवर केसीनचा गोंद पुष्कळ वापरला जातो. कारण बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवली तरी लेबल टिकायला हवं, आणि कारखान्यात परत आल्यावर गरम कॉस्टिक सोड्यात सुटायलाही हवं. केसीन अल्कलीत विरघळतं, साध्या गार पाण्याला तेवढं दाद देत नाही. तुम्ही म्हणाल, सरांना ही माहिती कुठून? मी जाम आणि लोणच्याच्याच बाटल्या धुतो, पण वाचतो सगळ्यांबद्दल. (हशा)

दुसरी रीत स्टिकरची. मागचा कागद सोलायचा आणि दाबून लावायचं. पाणी नको, वाळायला वेळ नको. अशी स्वतःच चिकटणारी लेबलं बनवून विकण्याचा धंदा 1935 साली लॉस एंजेलिसमध्ये आर. स्टॅन्टन एव्हरी यांनी सुरू केला. यातला गोंद कधी वाळतच नाही. रबरासारख्या लांबच लांब साखळ्या आणि त्यात चिकटपणा आणणाऱ्या राळेसारख्या वस्तू, किंवा मग ॲक्रिलिक जातीचा गोंद. तो कायम अर्धवट घट्ट, अर्धवट पातळ अशा अवस्थेत असतो. म्हणून तर बोटाला चिकटतो. आणि याचं सोयरेपण पाण्याशी नाही, तेलाशी आहे.

एम्पेडोक्लीज नावाचा ग्रीक विचारवंत म्हणत असे की समानाला समानच ओळखतं. ज्ञानाच्या बाबतीत हे खरं आहे का, यावर पुढे लोक भांडले. आणि ते भांडण योग्यच होतं. पण बाटलीच्या बाबतीत तो बराचसा बरोबर आहे.

तर घरी लेबल कुठल्या जातीचं ते कसं ओळखायचं? एका कोपऱ्याला ओलं फडकं दहा मिनिटं लावून ठेवा. कागद भिजून कोपरा सरकायला लागला आणि खाली बुळबुळीत लागलं, तर पाण्याचा गोंद. कागद भिजला, लगदा झाला, पण खाली तार सुटते, बोट चिकटतं, तर स्टिकर. आणि काहीच भिजलं नाही तर वर प्लास्टिकचा पापुद्रा आहे, पाणी आत जातच नाही. चौथी एक शक्यता असते. जुन्या सोड्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर नाव असायचं ते लेबलच नव्हे. तो काचेवर भाजलेला रंग. नखाला कडा लागत नाही. त्याच्यामागे लागू नका, तो बाटलीबरोबरच जाईल.

पाण्याच्या गोंदाला जास्त वेळ देत नाही, सोपं आहे. अर्धी बादली गरम पाणी घ्या. हात घालता येईल, पण फार वेळ ठेववणार नाही, इतपत गरम. त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण घाला. अर्धा तास ते रात्रभर. सकाळी लेबल पाण्यावर तरंगत असतं. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. तो जास्त तीव्र अल्कली आहे, म्हणून हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमची झाकणं त्यात टाकू नका, काळी पडतात. आणखी एक. फ्रिजमधून काढलेली बाटली थेट कढत पाण्यात टाकू नका. काच उष्णता हळू पोचवते. बाहेरची बाजू प्रसरण पावते, आतली गारच राहते, आणि मग ‘टक्क’ असा आवाज येतो. आमच्या मोरीत तो आवाज मी ऐकलेला आहे. नंतरचं बोलणंही ऐकलेलं आहे. (हशा)

आता स्टिकर. यातही आधी ऊब. बाटलीत गरम पाणी भरून पाच मिनिटं ठेवा किंवा बाहेरून हेअर ड्रायर फिरवा. उबेने गोंद मऊ होतो, आणि कोपरा धरून सावकाश ओढलं तर पुष्कळदा पूर्ण लेबल निघतं. प्लास्टिकच्या पापुद्र्याला तर हाच उपाय. घाईने ओढलं की कागद दोन थरांत फाटतो. वरचा थर हातात येतो, खालचा बसून राहतो. तो राहिलेला कागद पाण्याने भिजवून, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून टाका. तारेची घासणी नको. काचेवर बारीक चरे पडू शकतात, आणि चरा पडलेली बाटली पुढे गरम पदार्थ भरताना तिथूनच तडकते.

कागद गेल्यावर उरतो तो चिकटा. इथे तेल. कुठलंही गोडेतेल चालतं, खोबरेलही चालतं. तेलाचे रेणू त्या रबरी साखळ्यांमध्ये शिरतात, गोंद फुगतो, त्याची काचेवरची पकड सुटते. हे व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. लोक तेल लावतात आणि लगेच घासायला लागतात, मग म्हणतात तेलाने जात नाही. तेलाला आत शिरायला वेळ द्या. मग फडक्याने पुसलं की चिकट्याच्या बारीक वळ्या होऊन निघतात. राहिलेलं तेल साबणाने धुवायचं. साबण एका हाताने तेल धरतो आणि दुसऱ्या हाताने पाणी, म्हणून.

मग सोडा कशाला? मी हे घरी करून पाहिलं. एकाच जातीच्या चार बाटल्या. एकीला नुसतं तेल. दुसरीला पाण्यात कालवलेला सोडा. तिसरीला तेल आणि सोडा. चौथीला तेल आणि डाळीचं पीठ. हो, बेसन. पाणी-सोड्याच्या बाटलीवर काहीही झालं नाही. तेलाच्या तिन्हींवर चिकटा सुटला. नुसतं तेल खाली ओघळून गेलं, म्हणून वरचा भाग जरा राहिला, एवढाच फरक. बेसनाची बाटली सोड्याच्या बाटलीइतकीच स्वच्छ. म्हणजे इथे सोडा रसायन म्हणून काही करत नाही. तो तेलाला उभ्या काचेवर धरून ठेवतो आणि घासताना थोडी कर देतो. आपल्या आज्या राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासत तेव्हा हीच कर कामाला येत होती. शिवाय लाकडाच्या राखेत अल्कली असते, ती तेलकटपणाला वेगळी मदत करते.

तेल आहे तिथे कार्य आहे, हा अन्वय. तेल नाही तिथे कार्य नाही, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात अशा पद्धती मांडल्या. आपल्याकडे त्या आधीपासून होत्या, आणि दोघांनाही बेसन सुचलं नव्हतं. (हशा)

आता त्या बाईंचं व्हिनेगर. आल्या आहेत का आज? आल्या आहेत, छान. व्हिडिओत काय दाखवतात? बाटलीवर सोडा टाकतात, वर व्हिनेगर ओततात, जोरात फसफसतं, आणि मग निवेदिका बाटली पुसून चकचकीत दाखवते. ती फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात. उरतं काय? सोडियम ॲसिटेट नावाचं एक क्षार आणि पाणी. दोन चांगल्या कामाच्या वस्तू घेऊन तुम्ही मेहनतीने खारं पाणी तयार केलंत. स्टिकरच्या गोंदाला त्याचं काहीही वाटत नाही.

मग व्हिडिओतली बाटली स्वच्छ कशी झाली? आधी गरम पाणी होतं, मध्ये साबण होता, शेवटी घासणं होतं. फसफस त्या वेळी हजर होती, इतकंच. न्यायशास्त्रात याला एक सुंदर शब्द आहे, अन्यथासिद्ध. विद्यार्थ्यांना त्याचं उदाहरण देतात ते कुंभाराच्या गाढवाचं. माती गाढवाच्या पाठीवरून आली, घट तयार झाला, गाढव आधी हजर होतं, हे सगळं खरं. पण गाढव घटाचं कारण नव्हे. माती बैलगाडीतून आली असती तरी घट झालाच असता. व्हिडिओतली फसफस हे गाढव आहे. आणि या गाढवाचा आवाज मोठा असतो, त्यामुळे सगळं लक्ष तिकडेच जातं.

व्हिनेगर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही हं. बोअरच्या पाण्याने बाटलीवर पांढरे डाग पडतात ना, ते कॅल्शियमचे क्षार. तिथे एकटं व्हिनेगर किंवा लिंबू उत्तम. पण सोड्याबरोबर नाही.

लिंबाचा विषय निघालाच आहे तर, रसापेक्षा साल गुणाची. संत्र्याच्या सालीत जे तेल असतं त्यात बहुतांश लिमोनीन असतं, आणि ते रबरी गोंदाला चांगलं विरघळवतं. फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळली की फुगा फुटतो, हा खेळ मुलांना ठाऊक आहे. तेच तत्त्व. नागपूरकरांनी साली टाकू नयेत. लहान चिकट्यावर सालीची बाहेरची बाजू चोळा. आणि आपल्या प्रत्येक घरात सर्दीसाठी जी निलगिरी तेलाची बाटली असते, ती या कामात गोडेतेलाच्या चार पावलं पुढे आहे. कापसावर चार थेंब, दोन मिनिटं, की चिकटा सुटला. मात्र ते पोटात गेलं तर विषारी आहे, विशेषतः लहान मुलांना. पेट घेणारं आहे, म्हणून गॅसजवळ नको. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर काही चिकट्यांवर चालतात, पण तेही ज्वालाग्राही, आणि रिमूव्हरने प्लास्टिकचं झाकण विरघळू शकतं. मी तेलावर थांबतो. वेळ लागतो, पण पोटात गेलं तरी ते खायचंच आहे.

हे शेवटचं वाक्य मी सहज बोललेलो नाही. त्यामागची गोष्ट सांगतो.

माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ब्याऐंशी वर्षांची आहे. दर हिवाळ्यात ती लिंबाचं गोड लोणचं घालते आणि सगळ्या भाचरांना, सुनांना बाटल्या जातात. बाटल्या पुरवणं हे माझं खातं. एका वर्षी वेळ कमी होता आणि माळ्यावर रंगाऱ्याने मागे ठेवलेला टर्पेंटाइनचा डबा होता. मी आठ बाटल्या त्याने पुसल्या. दोन मिनिटांत आरसा! झाकणांवरही किमतीचे स्टिकर होते, म्हणून झाकणं त्याच ताटलीत रात्रभर पडू दिली. सकाळी सगळं साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं, अक्काकडे पोचवलं.

तीन आठवड्यांनी तिच्या सुनेचा मला फोन आला. “मामा, लोणच्याला रंगासारखा वास येतोय. आम्ही टाकून दिलं. पण आईंना सांगू नका.” आईंना का सांगायचं नाही, तर 2021 मध्ये कोविड झाल्यापासून अक्काला वास येत नाही. तिने बाटल्या भरल्या, बंद केल्या, पाठवल्या, आणि तिला काही कळलंच नाही. ती सगळ्यांना फोन करून विचारत होती, “कसं झालंय?” आणि सगळे सांगत होते, “छान झालंय.”

मी आधी काचेला दोष दिला. मग एक बाटली मोकळी करून धुतली आणि नुसत्या बाटलीचा वास घेतला. काही नाही. नव्या बाटलीला जुनं झाकण लावून दोन दिवस ठेवलं, उघडताच भपकारा. जुन्या बाटलीला नवं झाकण, काही नाही. काच निर्दोष होती. काच काही शोषून घेत नाही. झाकणाच्या आत जी मऊ प्लास्टिकची चकती असते, ती शोषते. टर्पेंटाइन पिते, रॉकेल पिते, आणि मग हळूहळू आत सोडत राहते. तेव्हा काम कुठल्याही द्रावकाने करा, झाकण आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि झाकणावरचा स्टिकर काढायला तेलच, तेही फक्त बाहेरून.

अक्काला मी सांगितलं. माझ्यावर ती चिडली नाही. तिने विचारलं, “बाकीच्यांनी का नाही सांगितलं? मी पुन्हा घातलं असतं, लिंबं तेव्हा मिळत होती.” त्या सगळ्यांना तिने काय सांगितलं ते इथे सांगण्यासारखं नाही. आता बाटल्या भरायच्या आधी ती मला बोलावते. प्रत्येक बाटली आणि प्रत्येक झाकण माझ्या नाकाखाली धरते, आणि मी मान हलवल्याशिवाय लोणचं भरत नाही.

या निमित्ताने एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. फिनेल, ॲसिड, कीटकनाशक, रंग यांची बाटली कितीही सुंदर असो, ती धुऊन खाण्यासाठी वापरू नका. आणि उलटही करू नका. सरबताच्या बाटलीत रॉकेल किंवा ॲसिड भरून ठेवू नका. तहानलेलं मूल बाटलीचा आकार बघतं, आत काय आहे ते बघत नाही. लेबल काढलंत की त्या बाटलीचं नाव गेलं. जे भराल त्याचं नाव आणि तारीख त्याच दिवशी लिहा. कागदाची चिठ्ठी आणि पिठाची खळ, म्हणजे पुढच्या वर्षी पाण्याने निघेल.

प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून: स्टीलच्या नव्या भांड्यावरचं लेबल?) तुम्हाला उत्तर माहीत आहे, तुम्ही माझी परीक्षा घेताय. (हशा) भांडं उलट बाजूने गॅसवर क्षणभर धरायचं, लेबल अलगद सुटतं. ऊब, दुसरं काही नाही. पण ते स्टीललाच. काचेची बरणी गॅसवर धरू नका.

(श्रोत्यांतून: फ्रीजरमध्ये ठेवलं तर?) चालतं कधीकधी. गोंद गारठून कडक होतो, कार्डाने खरवडला तर कपच्या उडतात. पण बाटली पूर्ण रिकामी आणि कोरडी हवी, आणि बाहेर काढल्यावर लगेच गरम पाण्याखाली धरू नका. मोरीतला आवाज आठवा.

(श्रोत्यांतून: लोणच्यासाठी बाटली कधी कोरडी झाली समजायची?) धुतल्यावर उलटी ठेवून पाणी निथळू द्या, मग दिवसभर कडक ऊन. नंतर झाकण लावून सावलीत तासभर ठेवा. आत धुकं धरलं तर अजून ओल आहे.

चला, ती बाटली बघू. पस्तीस मिनिटं झाली. बनियन घेतो. हे बघा, वळ्या निघतायत. इथे स्वच्छ, इथेही स्वच्छ. या कडेला थोडं राहिलंय, कारण बोलण्याच्या नादात मी तिथे थापलंच नव्हतं. ताई, ही तुम्हीच घेऊन जा, घरी त्या कडेला पुन्हा तेल लावा. झाकण मात्र देत नाही, ते नवं घ्या.